अ‍ॅनी मूर नेमकी कोणती?

१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर, बाहेरून येणाऱ्या लोकांची तपासणी करण्यासाठी अमेरिकेने नवे केंद्र उघडले. तेथे पहिली नोंद झाली ती आयर्लंडमधील कॉर्क येथून आलेल्या अ‍ॅनी मूर या मुलीची. अँथनी आणि फिलिप या दोन धाकट्या भावांना घेऊन ती नेव्हाडा नावाच्या जहाजाने आली होती. आईवडील आधीच न्यूयॉर्कला पोहोचले होते. अधिकाऱ्यांनी तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे भेट दिले आणि वृत्तपत्रांत तिचे नाव झळकले. पुढे तिचे काय झाले?

बरीच वर्षे याचे ठरलेले उत्तर होते. अ‍ॅनी पश्चिमेकडे टेक्सासला गेली, तेथे तिचे लग्न झाले आणि १९२३ मध्ये अपघातात तिचा मृत्यू झाला. त्या घराण्याच्या वंशजांना समारंभांची आमंत्रणेही गेली. १९९३ मध्ये एलिस बेटावर आणि आयर्लंडच्या कोव्ह बंदरात अ‍ॅनीचे पुतळे उभे राहिले. मात्र मेगन स्मोलेन्याक या वंशावळी-संशोधिकेने टेक्सासच्या अ‍ॅनीचे कागद तपासले, तेव्हा तिचा जन्म अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात झाल्याचे आढळले. म्हणजे ही अ‍ॅनी मूर त्या जहाजावर असणेच शक्य नव्हते!

एवढी मोठी चूक कशी झाली? नाव जुळले, एवढ्यावर लोकांनी समाधान मानले. आयरिश पूर्वजांचा शोध घेणारा प्रत्येक जण या खड्ड्यापाशी येतोच. तो खड्डा कसा तयार झाला ते आपण पाहू.

१८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचा रोग पडला. गरीब शेतकऱ्यांचे पोट जवळजवळ संपूर्णपणे या एका पिकावर चालत असे. १८५२ पर्यंत चाललेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. दुष्काळ सरल्यावरही ही रीघ थांबली नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे लाखो आयरिश कुटुंबे वसली. आज त्यांची पणतवंडे विचारतात, आमचे गाव कोणते?

याचे उत्तर मिळणे अवघड असते. अमेरिकेत जहाजावरच्या उतारूंच्या याद्या १८२० पासून ठेवल्या जात, पण जुन्या याद्यांत गावाच्या जागी बहुधा फक्त 'आयर्लंड' एवढेच लिहिलेले असते. नावांतही घोळ असतो. आयरिश भाषेत 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज आणि 'मॅक' म्हणजे मुलगा. इंग्रजी अमलात अनेकांच्या नावातून हे शब्द गळाले, काही आडनावांचे तर चक्क भाषांतर झाले. 'लोहाराचा मुलगा' अशा अर्थाचे मॅकगोवन हे आडनाव कित्येक ठिकाणी नुसते स्मिथ झाले. एलिस बेटावरच्या कारकुनांनी नावे बदलली, असे पुष्कळ जण सांगतात. परंतु याद्या जहाज कंपन्या निघण्याच्या बंदरातच तयार करत. बेटावरचे कारकून त्या यादीवरून तपासणी करत.

आणि मूळ देशातले कागद? आयर्लंडच्या १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेची कुटुंबवार पत्रके सरकारनेच नष्ट केली. १८८१ आणि १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेली. १८२१ ते १८५१ ची पत्रके डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्यात होती. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात तेथे स्फोट होऊन आग लागली आणि त्यांतील बहुतेक जळाली. मृत्युपत्रे गेली. चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्याही गेल्या, कारण त्या सुरक्षित राहाव्यात म्हणून तेथे ठेवल्या होत्या. कॅथलिक चर्चच्या वह्या मात्र गावोगावच्या चर्चमध्येच होत्या, त्यामुळे त्या वाचल्या. शेतकरी, मजूर, मोलकरणी अशा ज्या लोकांनी देश सोडला, ते बहुतांशी कॅथलिक होते. त्यांचे बाप्तिस्मे आणि विवाह याच वह्यांत आहेत. २०१५ पासून त्या संगणकावर विनामूल्य पाहता येतात.

दुसरा आधार एका भूवैज्ञानिकाने मागे ठेवला आहे. आयर्लंडचा भूस्तरीय नकाशा तयार करणाऱ्या रिचर्ड ग्रिफिथ यांच्याकडे करआकारणीसाठी जमिनीच्या मोजदादीचे कामही होते. १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या याद्यांत कोणता तुकडा कोण कसतो, त्याचा मालक कोण, हे शिवारागणिक दिले आहे. अशी नाव असलेली शिवारे आयर्लंडमध्ये साठ हजारांहून अधिक आहेत. तुमच्या पूर्वजाचे शिवार ठाऊक असेल, तर शोधाला दिशा मिळते. ठाऊक नसेल, तर एकाच नावाची माणसे ठिकठिकाणी भेटतात आणि त्यांतला आपला कोण हे कळत नाही.

म्हणून शोध उलट्या दिशेने करावा लागतो. आधी परदेशात गावाचे नाव शोधायचे, मगच आयर्लंडकडे वळायचे. थडग्यावरचा दगड, चर्चची विवाहनोंद, नागरिकत्वाचा कागद, हे सर्व पाहायचे. बॉस्टनच्या 'पायलट' या पत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या नातेवाइकांसाठी जाहिराती येत. बहीण भावाला शोधते आहे, बायको नवऱ्याला. त्यांत कित्येकदा गावाचे नावही असे. ज्या व्याकुळतेने ते छापले गेले, तीच आज वंशजांना वाट दाखवते.

अ‍ॅनीचा उलगडाही असाच झाला. 'अ‍ॅनी मूर' नावाच्या स्त्रिया पुष्कळ, पण अँथनी आणि फिलिप या भावांसकट आलेली अ‍ॅनी एकच. तपास करणाऱ्यांना फिलिपचा नागरिकत्वाचा कागद मिळाला, त्यावरून त्याचे वंशज सापडले आणि २००६ मध्ये खरी अ‍ॅनी जगापुढे आली. ती टेक्सासला कधीच गेली नव्हती. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत तिने जर्मन वंशाच्या शायर नावाच्या माणसाशी संसार केला. तिला किमान दहा मुले झाली, त्यांतली कित्येक लहानपणीच गेली. १९२४ मध्ये ती वारली. क्वीन्स भागातील तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता, तो २००८ मध्ये बसवला गेला. गोष्ट सांगताना सर्वांनी साहसी अ‍ॅनी पसंत केली होती. खरी अ‍ॅनी मात्र त्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर राबत राहिली होती.

हजेरीपटात एकाच नावाची दोन मुले असली, तर आपण जनरल रजिस्टर काढून वडिलांचे नाव, जन्मतारीख, आधीची शाळा पाहतो. आयरिश माणसाच्या शोधातही एवढेच करायचे असते. नाव, गाव, नातलग आणि वर्ष हे चारही दुवे वेगवेगळ्या कागदांतून एकाच माणसाकडे आले पाहिजेत. एक जरी दुवा जुळला नाही, तर 'हा वेगळा माणूस असेल' अशी शंका घ्यायला आपण विद्यार्थ्यांना शिकवले, तर एखाद्या अ‍ॅनीला दगडासाठी चौऱ्यांशी वर्षे थांबावे लागणार नाही.