‘ध्रुपद’ ते ‘जातक’ : मधली नऊ वर्षे आणि मुलांच्या कवितेची पुस्तके

विंदा करंदीकरांच्या कवितेवर लिहिणारे बहुतेक जण ‘स्वेदगंगा’ (१९४९), ‘मृद्गंध’ (१९५४), ‘ध्रुपद’ (१९५९) असे टप्पे घेत येतात आणि तिथून एकदम ‘जातक’वर (१९६८) उतरतात. मधली नऊ वर्षे हा कवी काय करत होता, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विचारलाच तर लघुनिबंध, समीक्षा आणि भाषांतरे असे उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. याच नऊ वर्षांत विंदांची कवितेचीच पाच पुस्तके आली. १९६१ साली ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’, १९६३ साली ‘सशाचे कान’ आणि ‘एटू लोकांचा देश’, १९६५ साली ‘परी ग परी’. पाचही मुलांसाठी. पुढे ‘अजबखाना’, ‘सर्कसवाला’, ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’, ‘अडम तडम’ आणि १९९३ मधली तीन धरून ही संख्या बारावर जाते. निवडक कवितांची संपादने सोडली, तर मोठ्यांसाठीचे संग्रह ‘विरूपिका’ आणि ‘अष्टदर्शने’ मिळूनही सहाच भरतात.

कुसुमाग्रजांचे पाहा. ‘जीवनलहरी’ १९३३ सालची, ‘विशाखा’ १९४२ सालची. या दोहोंच्या मध्ये १९३६ साली ‘जाईचा कुंज’ आहे आणि तो मुलांच्या कवितांचा संग्रह आहे. चोविशीतल्या कवीचे ते दुसरे पुस्तक. मराठीला कवितेच्या वाटेने दोन ज्ञानपीठ मिळाली, तीही याच दोघांची, आणि दोघांनीही मुलांसाठी कवितेची स्वतंत्र पुस्तके काढली. तरी वाङ्मयेतिहासात त्या पुस्तकांना जागा मिळते ती शेवटच्या परिच्छेदात, ‘याशिवाय त्यांनी बालगीतेही लिहिली’ अशा एका वाक्यापुरती.

मी कुठल्या विद्यापीठाचा माणूस नाही. गेली बरीच वर्षे रद्दीची दुकाने, जुन्या पुस्तकांचे ठेले आणि बंद पडत चाललेली वाचनालये धुंडाळत मुलांच्या कवितांची पुस्तके जमवतो. त्या उद्योगातून माझे एक मत बनले आहे : हे ‘याशिवाय’ फक्त समीक्षकांच्या दुर्लक्षातून आलेले नाही. मुलांच्या कवितेचे पुस्तक ही वस्तूच आपल्याकडे उशिरा आली, आणि आल्यावर टिकली नाही. जे टिकले नाही त्याचा इतिहास कोण लिहिणार?

उशिरा आली म्हणजे मुलांच्या कानावर कविता नव्हती असे नव्हे. उलट फार होती. संध्याकाळी दिवा लागला की परवचा सुरू होई. मनाचे श्लोक, रामरक्षा आणि त्याच दमात पावकी, निमकी, दिडकी. श्लोक आणि पाढे एकाच चालीवर, एकाच मांडीवर शिकले जात. परशुरामतात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ साली आले तेव्हा जुन्या कवींचे वेचे शाळेत पोचले आणि पाठांतराला छापील आधार मिळाला. पण ती कविता मुलाची नव्हती. मोठ्यांची कविता मुलाने लहानपणी तोंडपाठ करून ठेवायची, अर्थ पुढे सवडीने कळेल, असा तो व्यवहार होता. दुसरीकडे घरात आई, आजी, आत्या यांच्या तोंडी अंगाई होती, पाळण्याच्या ओव्या होत्या, मुलांच्या स्वतःच्या खेळातली गाणी होती. ती छापण्याजोगी आहेत असे फार काळ कुणाला वाटलेच नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, तोवर त्यातल्या कितीतरी गाणारणींबरोबर गेल्याही असतील.

या दोन प्रवाहांच्या मध्ये मासिके आली. अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ १८७३ सालचे. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ सुरू केले. आपटे कोशकार होते, शब्दाच्या वजनाची त्यांना जाण होती. मुलांसाठी नव्याने लिहिलेली कविता नियमितपणे छापली जाण्याची सोय अशा मासिकांनी केली. मात्र मासिकातली कविता त्या महिन्याची. ती पुस्तकात यायला कवीला वाट पाहावी लागे, कधी मरणानंतरही. ‘दत्त’, म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे, १८९९ साली चोविसाव्या वर्षी गेले. गरिबाच्या घरात बाळाला निजवणाऱ्या आईचे त्यांचे अंगाईगीत घरोघर पोचले, पण ‘दत्तांची कविता’ हे पुस्तक त्यांचे चिरंजीव वि. द. घाटे यांनी काढले ते १९२२ साली. तेवीस वर्षे ते गाणे पुस्तकाविना जगले.

जाता जाता एक गोंधळ निस्तरून टाकतो. जळगावच्या १९०७ सालच्या कविसंमेलनात डॉ. कीर्तिकरांनी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ म्हटले, ते कवी वयाने बाल होता म्हणून. त्याला सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते. मुलांसाठी लिहिणारा असा त्याचा अर्थ नव्हता. तरीही शाळांच्या ग्रंथयाद्यांत त्यांची समग्र कविता बालविभागात टाकलेली मी पाहिली आहे. तिथे ती घेऊन बसलेल्या चौथीतल्या मुलाची मला दयाच आली.

पुस्तकाची खरी गरज निर्माण झाली ती बालशिक्षणाच्या चळवळीने. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंचे काम भावनगरहून मुंबईला, मग बोर्डीला आणि कोसबाडला आले. या शाळांतले मूल अडीच-तीन वर्षांचे. त्याला वाचता येत नाही, त्याची परीक्षा नाही, त्याच्याकडून पाठांतर करून घ्यायचे नाही. त्याला गाणे हवे ते हात हलवायला, उड्या मारायला, नुसते बडबडायला. ‘बडबडगीत’ हा शब्द आज आपण सहज वापरतो, पण त्यामागची कल्पना मोठी आहे. अर्थ नंतर लागो, नाद आत्ता हवा! परवचा म्हणणारे मूल आणि बडबडगीत म्हणणारे मूल दोघेही अर्थाशिवायच म्हणत होते. पण पहिल्याला अर्थ उधार ठेवलेला होता, दुसऱ्यावर कसलेच देणे नव्हते.

साठच्या दशकात मोठे कवी या पुस्तकांकडे वळले त्याचे कारण मी इथे शोधतो. मुंबईतले लहान बिऱ्हाड, आजी गावी राहिलेली, घरात गाणे म्हणणारे कुणी नाही, आणि बाप कवी. १९६४ साली मंगेश पाडगांवकरांचे ‘भोलानाथ’ आले, १९६७ साली ‘बबलगम’. वसंत बापटांचे ‘चंगा मंगा’, शांता शेळके यांचे ‘थुई थुई नाच मोरा’ ही याच घरातली भावंडे. शीर्षकांकडेच बघा. जाई आणि लिंबोळ्या मागे पडल्या, चघळायची गोळी आली. नंदीबैलाला शाळेच्या सुट्टीबद्दल विचारणारे पाडगांवकरांचे मूल कुणाचाही आदर्श होऊ पाहत नाही. शाळेला सुट्टी हवी, हे मराठी कवितेत इतक्या उघडपणे मागायला ‘नवनीत’पासून एकशे दहा वर्षे लागली.

विंदांचे आणखी वेगळे आहे. त्यांची ही पुस्तके सुट्या कवितांची गाठोडी नाहीत. ‘राणीची बाग’ ही एक सहल आहे. भायखळ्याच्या त्या बागेचा पत्ता मुंबईच्या मुलाला सांगावा लागत नव्हता. ‘एटू लोकांचा देश’ हा तर आख्खा देशच, आपल्या जगाचे रीतिरिवाज न मानणारा. एक कविता तिथून उचलून आणली तर ती नुसती गंमत वाटते; ओळीने वाचत गेलो की ध्यानात येते, तर्काचे नियम कवीने मुद्दाम उलटे पाळले आहेत आणि ते शेवटपर्यंत काटेकोरपणे पाळले आहेत. ‘पिशीमावशी’त भुतांचा संसार मांडला आहे. तिथे भीतीवर इतक्या जवळून हात फिरवला आहे की ती पाळीव होते. आता या पुस्तकांची सालावळ बाकीच्या कामाशेजारी ठेवून बघा. ‘परी ग परी’ १९६५, आणि ग्योथेच्या ‘फाउस्ट’च्या पहिल्या भागाचे भाषांतरही १९६५. ‘अजबखाना’ १९७४, ‘राजा लिअर’ही १९७४. लिअरच्या दरबारातला विदूषक वेडगळ यमकांतून सत्य बोलतो. तो मराठीत आणणारा माणूस त्याच सुमारास मुलांसाठी अजबखाना भरवत होता. याला योगायोग म्हणायचे असेल तर म्हणा. माझ्या मते टेबल एकच होते. ‘विरूपिका’तली तिरकी, उलटी मांडणी ज्यांना अचानक उगवल्यासारखी वाटते, त्यांनी एटूंच्या देशातून एकदा जाऊन यावे.

आणि परवचाही परत आलाच! ‘अडम तडम’ हे राज्य कुणावर ते ठरवताना मुले म्हणतात त्यातले शब्द. १९८५ साली ते विंदांच्या पुस्तकाचे नाव झाले. पाडगांवकरांचे ‘सुट्टी एक्के सुट्टी’ १९९२ सालचे, विंदांचे ‘सात एके सात’ १९९३ सालचे. दिव्याजवळ बसून म्हणायचे पाढे मुलांच्या कवितेच्या पुस्तकाच्या वेष्टनावर चढले.

मग ही पुस्तके गेली कुठे? त्यांचा देह समजून घ्यायला हवा. छापखान्यात सोळा पानांचा एक फर्मा. मुलांच्या कवितेचे पुस्तक एक-दोन फर्म्यांचे, मधोमध दोन पिना मारलेले, वर पातळ वेष्टन. त्याला पाठ नसते, म्हणून कपाटात उभे केले की नाव दिसत नाही. वाचनालयात अशी पुस्तके सुतळीने बांधून खालच्या खणात जातात. पिना गंजतात, मधले पान सुटते. घरातल्या प्रतीवर रंगीत खडू फिरतात, दात उमटतात. ज्या पुस्तकावर मुलाने प्रेम केले ते फाटले, आणि जे कुणी उघडलेच नाही ते नवेकोरे राहिले. म्हणून जुन्या बाजारात संस्कार करणाऱ्या बोधकवितांची पुस्तके सुस्थितीत मिळतात आणि त्यातली जिवंत पुस्तके मिळत नाहीत. संग्रह पाहून त्या काळच्या मुलांची आवड ठरवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. माझ्याकडच्या बहुतेक प्रतींना पहिले पान नाही. साल, आवृत्ती, किंमत, चित्रकाराचे नाव, सगळे त्या एका पानावर असते.

सूचीकार शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची नोंद दोन खंडांत केली, म्हणून तोवरच्या पुस्तकांचे निदान नाव तरी हाती लागते. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरावीक ग्रंथालयांना एकेक प्रत धाडायची आहे. पण सोळा पानी पुस्तिका काढणाऱ्या लहान प्रकाशकाला टपालखर्चच पुस्तकाच्या किमतीहून जड. ते किती जणांनी पाळले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

शाळेने या कविता वाचवल्या असे म्हणतात, आणि ते अर्धे खरे आहे. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, स्थापन झाले आणि एकच कविता राज्यभरच्या मुलांच्या हाती एकाच वेळी पडू लागली. खेड्यातल्या ज्या घरात दुसरे पुस्तक नव्हते तिथेही ती गेली. हे लहान काम नव्हे. पण कविता गेली, पुस्तक मागे राहिले. ग. ह. पाटलांची ‘पाखरांची शाळा’ माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, चालीसकट म्हणून दाखवतील. ‘लिंबोळ्या’ हे त्यांचे पुस्तक हातात धरलेले किती निघतील? पाठ्यपुस्तक कविता निवडते ती लांबी, ऋतू आणि मूल्य पाहून. एटूंचा देश त्या मापात मावत नाही. शिवाय कवितेखाली प्रश्न आले की कविता पुन्हा परीक्षेची होते.

मासिकांचे नशीब त्या मानाने बरे. ‘किशोर’ १९७१ च्या बालदिनी निघाले आणि त्याचे जुने अंक आज संगणकावर कुणालाही वाचता येतात. पुस्तकांसाठी तसे काही झालेले नाही. विंदा-पाडगांवकरांची पुस्तके पुनर्मुद्रणामुळे मिळतात. त्यांच्या आगेमागे लिहिणाऱ्या डझनावारी कवींची मिळत नाहीत. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. मराठीत तो आधी कथा-कादंबरीकडे जास्त गेला; २०२३ साली एकनाथ आव्हाडांच्या ‘छंद देई आनंद’ला आणि २०२५ साली सुरेश सावंतांच्या ‘आभाळमाया’ला मिळाला, तो कवितेला. नवी पुस्तके आता जाड कागदावर, छान रंगात निघतात. पाठ मात्र अजूनही बहुतेकांना नाही.

हा अंक हाती पडेल तेव्हा घरोघरचे माळे नुकतेच साफ झालेले असतील आणि रद्दीची गाठोडी दाराशी असतील. त्यात पिना गंजलेले, चिटोऱ्यांसारखे एखादे कवितेचे पुस्तक दिसले तर देण्याआधी पहिले आणि शेवटचे पान बघा. नाव, कवी, चित्रकार, प्रकाशक, छापखाना, साल आणि किंमत एवढे वहीत उतरवून ठेवा. वेष्टनाच्या आत पेन्सिलीने मुलाचे नाव आणि इयत्ता लिहिलेली असेल, तर तीही.