दशाश्वमेधावरचा मुक्काम

दशाश्वमेध घाटावर आता माणसं येतात ती संध्याकाळच्या आरतीला. तासभर नावेत किंवा पायऱ्यांवर बसतात आणि दुसऱ्या दिवशी अयोध्येची गाडी धरतात. आरतीचा हा थाट गेल्या तीन-चार दशकांतला. घाट मात्र मराठी पैशातून उभा राहिला, आणि आपली माणसं इथे महिनोन्‌महिने राहत. मला त्या राहण्याबद्दल लिहायचं आहे.

घाटाच्या नावाचा एक धागा थेट अमरावती जिल्ह्यात पोचतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट सापडले. त्यात वाकाटकांच्या आजोळचे भारशिव राजे दहा अश्वमेध केलेले आणि भागीरथीच्या पाण्याने अभिषेक झालेले, असं नोंदलं आहे. घाटाचं नाव त्या यज्ञांवरून पडलं, असं काशीप्रसाद जायसवालांचं मत होतं. काशीत विचाराल तर ब्रह्मदेवाच्या दहा यज्ञांची कथा ऐकवतील. मला ताम्रपट अधिक जवळचा वाटतो.

बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली पुण्याहून काशीयात्रेला निघाल्या आणि परतल्या १७३६ मध्ये. वाटेत जयपूरच्या सवाई जयसिंगांनी त्यांचा मोठा सन्मान केला. त्याच जयसिंगांची वेधशाळा दशाश्वमेधाच्या उत्तरेला, मान मंदिर घाटावर आहे. पुढे १७४८ च्या सुमारास राधाबाईंच्या नातवाने, नानासाहेब पेशव्यांनी, दशाश्वमेध बांधून काढला. १७७४ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी तो पुन्हा बांधला आणि १७८० पर्यंत जवळच विश्वनाथाचं देऊळही उभं केलं.

आमचं गाव पेण तालुक्यातलं. शेजारच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि गंगेची कावड घेऊन घरी आले. चालत जाणाऱ्या माणसाला काशीत पोचल्यावर घाई नसे. पाय बरे होईपर्यंत, पावसाळा सरेपर्यंत, सोबत मिळेपर्यंत तो थांबायचा. कुणी शास्त्र शिकायला राही, कुणी मरण येईतो. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या बाजूला मराठी वस्ती रुजली ती अशीच. गागाभट्टांचं घराणं पैठणहून आलेलं. ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर काशीतच जन्मलेले.

मार्च १८७० मध्ये जबलपूरला रूळ जोडले गेले आणि मुंबई अलाहाबादशी आगगाडीने बांधली गेली. महिन्यांची वाट दिवसांवर आली. यात्रा गरिबाच्या, म्हाताऱ्याच्या आवाक्यात आली, हे मोठंच पुण्य. पण मुक्कामाची सवय तिथूनच मोडत गेली, असं माझं ठाम मत आहे.

दशाश्वमेधामागच्या गल्लीत खोली घेऊन मी निवांत राहिले. पहाटे खाली उतरलं की घाटिये, म्हणजे घाटावरचे पुरोहित, बांबूच्या मोठ्या छत्र्यांखाली लाकडी चौक्यांवर बसलेले असतात. समोर गंध, आरसा, कंगवा. अंघोळ करून आलेला माणूस तिथेच भांग पाडून गंध लावून घेतो. पायऱ्यांवर पाण्याने झिजून खोलगट झालेल्या दगडांत थोडं पाणी साचलेलं असतं. आठ वाजले की गोदौलियाच्या बाजूला कचोरी आणि जिलबी. चार दिवसांनी नावाडी ओळखू लागले, आणि त्यांच्यातल्याच एकाने आमच्या भागाच्या उपाध्यायांचं घर दाखवलं.

उपाध्यायांनी यात्रेकरूंच्या नोंदींची लांबट, लाल कापडात बांधलेली वही सोडली. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मोडीतल्या ओळी त्यांना अडखळत लागत होत्या; मला मोडी येते, म्हणून वही माझ्यापुढे सरकवली. माझ्या पणजीचं नाव तिथे होतं, सोबत दोन जावा आणि एक विधवा नणंद. आमच्या घरच्या कुठल्याही कागदावर त्या नणंदेचं नाव नाही. मी ते मोठ्याने वाचलं आणि खाली माझी नोंद केली, बाळबोध लिपीत.

या वह्यांची पानं आता कडेने तुटत आहेत, आणि मोडी वाचणारी माणसं कमी होत आहेत. काशीला जाल तेव्हा आपलं मूळ गाव आणि चार पिढ्यांची नावं, बायकांचीसुद्धा, लिहून न्या. आठवडाभर तरी राहा, उपाध्यायांना शोधा आणि त्यांच्या परवानगीने आपल्या पानाचा फोटो घेऊन घरच्यांना वाचून दाखवा.