लिनोकट
लिनोलियमच्या तक्त्यावर कोरून केलेले उठावमुद्रण. जवसाचे तेल व बुचाचा भुसा यांपासून बनणाऱ्या या फरशीच्या आच्छादनाला लाकडासारखी तंतूंची दिशा नसते. त्यामुळे कोरणी कुठेही वळवली तरी सारखीच सरकते. याची किंमतही आहे : फार बारीक रेषा तुटते आणि लाकडी शिरांचा पोत छापात मिळत नाही. म्हणून हे शाळकरी माध्यम, असा आक्षेप घेतात. तो टिकत नाही. नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये दांडीयात्रेतील गांधीजी काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषांत उभे केले. तिथे तपशील वाढवला असता तर जोरच ओसरला असता. पिकासोने तर एकच तक्ता टप्प्याटप्प्याने कोरत अनेक रंग छापले. अर्थात त्यात तक्ता संपतो, पुनर्मुद्रण अशक्य होते. खरी अडचण छटांची : शाई लागते किंवा लागत नाही. मधल्या करड्यांसाठी शिळामुद्रणासारखे दुसरे तंत्र गाठावे लागते.