बर्फ फोडणारा अभियंता आणि काचेचे अवकाशयान

#थ्रेड #इतिहास #साहित्य

१/
महायुद्धाने उद्ध्वस्त झालेली पृथ्वी, वाचलेल्या माणसांचे काचेचे नगर, उड्डाणास सज्ज होत असलेले अवकाशयान आणि माणसांची मने ताब्यात घेऊ पाहणारे राज्य. आजच्या एखाद्या वेबमालिकेत शोभेल अशी ही कथा १९२०-२१ साली पेट्रोग्राडमध्ये एका जहाजबांधणी अभियंत्याने लिहिली. त्याच्या स्वतःच्या देशात ती छापली जाण्यास १९८८ साल उजाडावे लागले.

२/
वाफेच्या युगातील यंत्रांवर उभ्या राहिलेल्या कल्पनारम्य कथांना 'स्टीमपंक' हे नाव के. डब्ल्यू. जीटर या लेखकाने १९८७ साली दिले. येव्गेनी झाम्यातिन यांच्या 'आम्ही' या कादंबरीला ते तंतोतंत लागू पडत नाही. मात्र आगगाडी, कारखाना आणि घड्याळ यांनी माणसाच्या मनाचे काय केले, हा त्या युगाचा प्रश्न या कादंबरीच्या मुळाशी आहे.

३/
झाम्यातिन यांचा जन्म १८८४ साली रशियातील लेबेद्यान या लहानशा गावी झाला. वडील धर्मोपदेशक, आई पियानोवादक. पीटर्सबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जहाजबांधणीचे शिक्षण घेत असताना ते बोल्शेविकांना जाऊन मिळाले. १९०५ च्या क्रांतीत झारच्या पोलिसांनी त्यांना पकडले आणि काही महिने एकांतकोठडीत ठेवले.

४/
सुटकेनंतर राजधानीत राहण्यास बंदी झाली. ते गुपचूप परतले, शिक्षण पूर्ण करून अभियंता झाले आणि कथाही लिहू लागले. सीमेवरील लष्करी अधिकाऱ्यांच्या जीवनावर त्यांनी लिहिलेली एक दीर्घकथा १९१४ साली सैन्याची बदनामी करणारी ठरवण्यात आली आणि मासिकाचा तो अंक जप्त झाला. सेन्सॉरशी त्यांची ओळख झाली ती अशी, क्रांतीच्या आधीच.

५/
पहिल्या महायुद्धात उत्तरेकडील बंदरे खुली ठेवण्यासाठी रशियाला आइसब्रेकर, म्हणजे गोठलेल्या समुद्रातून बर्फ फोडीत वाट काढणारी जहाजे हवी होती. ती इंग्लंडमध्ये बांधली जात होती. १९१६ साली झाम्यातिन यांना देखरेखीसाठी न्यूकॅसलला पाठवण्यात आले. 'स्व्यातोगोर' आणि 'सेंट अलेक्झांडर नेव्हस्की' ही त्यांतील दोन नावे.

६/
टाइन नदीकाठच्या त्या गोदीत त्यांनी यंत्रयुग अगदी जवळून पाहिले. तेथेच त्यांनी 'द्वीपवासी' ही दीर्घकथा लिहिली. तिच्यातील इंग्रज पाद्री जेवण, फेरफटका, पश्चात्ताप आणि दानधर्म यांचे वार व तास ठरवून टाकतो आणि माणसांना सक्तीने मोक्षाला नेऊ पाहतो. पुढे लिहिल्या गेलेल्या कादंबरीचे बीज या वेळापत्रकात आहे.

७/
१९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीच्या तोंडावर ते मायदेशी परतले. नंतरच्या यादवी युद्धात पेट्रोग्राड उपासमारीने आणि गारठ्याने खिळखिळे झाले. त्यांच्या 'गुहा' या कथेत शहरातील घर आदिमानवाची गुहा होते, लोखंडी शेगडी देव होते, आणि एक सुसंस्कृत गृहस्थ शेजाऱ्याची लाकडे चोरतो. जगबुडीनंतरचे जग कल्पिण्यासाठी त्यांना दूर जाण्याची गरजच नव्हती.

८/
याच काळात एक नवी श्रद्धा मूळ धरीत होती. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजली आणि १९११ साली 'शास्त्रीय व्यवस्थापना'चा ग्रंथ लिहिला. १९१४ साली लेनिनने या पद्धतीला माणसाला यंत्राचा गुलाम करणारी म्हटले होते. सत्ता हाती आल्यावर, १९१८ साली, तिच्यातील उपयुक्त भाग स्वीकारण्याचा आग्रह त्यानेच धरला.

९/
कवी आणि धातुकामगार अलेक्सेई गास्तेव याच्याही पुढे गेला. कामगारांचे मानसशास्त्रच यंत्रवत होईल आणि व्यक्ती नावाऐवजी अक्षरांनी किंवा आकड्यांनी ओळखल्या जातील, असे त्याने १९१९ साली लिहिले. त्याने हे थट्टेने लिहिले नव्हते. त्याच्या दृष्टीने ते उज्ज्वल भविष्य होते. १९२० साली मॉस्कोत त्याने श्रमविज्ञानाची केंद्रीय संस्था स्थापन केली.

१०/
झाम्यातिन यांनी हे स्वप्न खरे झाले असे गृहीत धरले. कादंबरीतील 'एकमेव राज्य' दोनशे वर्षांच्या युद्धानंतर उभे राहिले आहे. घरे काचेची, सभोवती हिरवी भिंत, अन्न खनिज तेलापासून बनवलेले. सगळे एकाच क्षणी उठतात आणि एकाच क्षणी घास तोंडात घालतात. निवेदकाच्या मते प्राचीन साहित्यातील सर्वश्रेष्ठ कृती म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक!

११/
निवेदकाचे नाव डी-५०३. तो 'इंटिग्रल' या अवकाशयानाचा प्रमुख निर्माता आहे. परग्रहांवरील जीव अजून 'स्वातंत्र्याच्या रानटी अवस्थेत' असतील, तर त्यांना तर्काच्या कल्याणकारी जोखडाखाली आणायचे, हे या मोहिमेचे उद्दिष्ट. डी-५०३ ला राज्याविषयी तिळमात्र शंका नाही. राज्याचे गुणगान यानातून पाठवता यावे म्हणून तो टिपणे लिहू लागतो, आणि लिहिता लिहिता त्याला स्वतःचे मन सापडते.

१२/
डॉक्टर निदान करतो : रोग्याच्या ठिकाणी आत्मा उत्पन्न झाला आहे. अशा 'रोगां'ची साथ पसरू लागताच राज्य उपाय शोधते. मेंदूतील कल्पनाशक्तीचे केंद्र क्ष-किरणांनी जाळून टाकायचे, की माणूस कायमचा सुखी! ही शस्त्रक्रिया आधी उपकार म्हणून जाहीर होते आणि नंतर सर्वांना सक्तीची होते.

१३/
या राज्याशी झुंजणारी माणसे पराक्रमी योद्धे नाहीत. आय-३३० ही तीक्ष्ण बुद्धीची स्त्री भिंतीपलीकडच्या माणसांशी संधान बांधून आहे. जसा शेवटचा आकडा नसतो तशी शेवटची क्रांतीही नसते, हे ती गणितज्ञ असलेल्या डी-५०३ ला गणितानेच पटवते. 'इंटिग्रल' ताब्यात घेण्याचा बेत त्यांच्या गटाकडून रचला जातो, पण तो आधीच फुटलेला असतो.

१४/
सर्वांत अनपेक्षित नायिका आहे ओ-९०. गोबऱ्या गालांची, भाबडी, कोणत्याही कटात नसलेली. सरकारी मापापेक्षा उंची दहा सेंटीमीटर कमी, म्हणून तिला आई होण्याची मनाई आहे. देहदंडाची भीती असूनही ती मूल पोटात वाढू देते आणि भिंतीपलीकडे निघून जाते. कथानायक हरतो, ही साधी स्त्री मात्र राज्याच्या हाती लागत नाही.

१५/
शेवट थरकाप उडवणारा आहे. डी-५०३ वर शस्त्रक्रिया होते. आय-३३० ला हवा शोषून घेणाऱ्या काचघंटेखाली कोंडले जाते, तेव्हा तो तिच्याकडे एखाद्या अनोळखी व्यक्तीकडे पाहावे तसा पाहत बसतो. ती अखेरपर्यंत तोंड उघडत नाही. तरीही नगराच्या पश्चिम भागात बंड धुमसत असते आणि भिंतीला खिंडार पडलेले असते.

१६/
कादंबरीच्या रशियन नावात एक गंमत दडली आहे. ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' हा मराठीतला भेद रशियन भाषेत नाही. दोन्हींसाठी एकच शब्द आहे. एकमेव राज्य प्रत्येकाला 'आपण' म्हणते आणि विरोधी हात वर होताच तेच 'आम्ही' होऊन अंगावर येते. झाम्यातिन यांच्या वाट्याला पुढे हेच आले.

१७/
हस्तलिखित साहित्यिक बैठकांतून वाचले गेले, पण छापण्यास परवानगी मिळाली नाही. १९२२ साली झाम्यातिन यांना अटक झाली आणि झारच्या काळात ज्या तुरुंगात ठेवले होते, तेथेच पुन्हा नेण्यात आले. देशाबाहेर घालवायच्या विचारवंतांच्या यादीत त्यांचे नाव होते. मित्रांच्या खटपटीमुळे ते टळले.

१८/
१९२४ साली कादंबरी न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. अनुवादक ग्रेगरी झिल्बुर्ग हे पुढे नामांकित मनोविश्लेषक म्हणून ओळखले गेले. १९२७ साली प्रागमधील एका रशियन नियतकालिकाने तिचे काही भाग छापले. दोन वर्षांनी तेच निमित्त करून सोव्हिएत वृत्तपत्रांनी झाम्यातिन आणि बोरिस पिल्न्याक यांच्याविरुद्ध मोहीम उघडली.

१९/
आता क्ष-किरणांची गरज नव्हती. प्रकाशकांनी दारे बंद केली, नाटकाच्या तालमी थांबल्या होत्या, परिचित मान वळवून जाऊ लागले. पिल्न्याक यांनी नमते घेतले. झाम्यातिन यांनी लेखक संघाचा राजीनामा दिला. मनावर ताबा मिळवण्याची खरी पद्धत याहून निराळी नसते : माणसाने स्वतःच स्वतःचे वाक्य खोडावे, एवढी भीती पुरते.

२०/
१९३१ साली त्यांनी थेट स्टालिनला पत्र लिहिले. लेखकाला लिहू न देणे ही देहदंडाचीच शिक्षा आहे, म्हणून परदेशी जाऊ द्यावे, अशी ती मागणी होती. पत्रात माफी नव्हती. गॉर्की यांनी रदबदली केली आणि परवानगी मिळाली. अशा पत्राला असे उत्तर मिळणे त्या काळी दुर्मीळच होते.

२१/
झाम्यातिन पॅरिसला गेले, पण सोव्हिएत नागरिकत्व त्यांनी सोडले नाही. हलाखीत दिवस काढून १० मार्च १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. नमते घेतलेल्या पिल्न्याक यांना १९३८ साली गोळी घालण्यात आली. माणसांना आकडे देण्याचे स्वप्न पाहणाऱ्या गास्तेवलाही १९३९ साली मृत्युदंड झाला. ज्या यंत्राची त्याने स्तुती केली, त्याने त्यालाही वगळले नाही.

२२/
जॉर्ज ऑर्वेल यांनी ही कादंबरी फ्रेंच अनुवादातून वाचली आणि जानेवारी १९४६ मध्ये तिच्यावर परीक्षण लिहिले. तिचा रोख एखाद्या देशापेक्षा औद्योगिक संस्कृतीच्या अंतःस्थ ध्येयांवर आहे, असे त्यांना वाटले. तीन वर्षांनी त्यांची '१९८४' प्रसिद्ध झाली. 'आम्ही'चा संपूर्ण रशियन मजकूर १९५२ साली न्यूयॉर्कला छापला गेला. मॉस्कोतील वाचकांना आणखी ३६ वर्षे थांबावे लागले.

२३/
झाम्यातिन यंत्रांचे वैरी नव्हते. त्यांची जहाजे ज्या राज्याने त्यांना गप्प केले, त्याच राज्याच्या सेवेत राहिली. 'नेव्हस्की'चे नाव 'लेनिन' झाले, 'स्व्यातोगोर'चे 'क्रासिन'. १९२८ साली उत्तर ध्रुवाजवळ कोसळलेल्या 'इटालिया' या हवाई जहाजातील माणसांना 'क्रासिन'ने बर्फ फोडीत जाऊन वाचवले.

२४/
त्याच वर्षी त्या जहाजावर देखरेख केलेल्या अभियंत्याचे नाटक रंगभूमीवर येण्याआधी थांबवले जात होते. 'क्रासिन' आज सेंट पीटर्सबर्गच्या धक्क्याला संग्रहालय होऊन उभे आहे. ज्या शहरात 'आम्ही' लिहिली गेली, कोंडली गेली आणि अखेर पुस्तकांच्या दुकानात आली, तेच हे शहर.

(समाप्त)