सात बिया आणि एक कप

परवा शनिवारी एक मित्र मला दुबईतल्या अल कूझ भागात घेऊन गेला. हा भाग मूळचा गोदामांचा आणि वर्कशॉपचा. आता त्यातल्या काही शेड्समध्ये चित्रांची दालनं आणि कॉफीची दुकानं आली आहेत. एका कपाला तीस दिरहम, म्हणजे आपले सातशेच्या आसपास रुपये! कोपऱ्यावरच्या टपरीत दीड-दोन दिरहमला झकास कडक चहा मिळत असताना हा उद्योग कशाला, असं मनात आलंच.

सुरुवातीलाच कबूल करतो, मी जातिवंत चहाबाज. आमच्या घरी कॉफी म्हणजे भरपूर दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. इथे मात्र प्रयोगशाळाच मांडली होती. काउंटरवरच्या पोरानं पंधरा ग्रॅम पूड काट्यावर तोलली, कागदी गाळणी गरम पाण्यानं धुतली आणि बकासारख्या लांब चोचीच्या किटलीतून थोडंसंच पाणी ओतलं. पूड फुगली. ताज्या भाजलेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, तो आधी निघून जाऊ द्यायचा. मग गोल गोल धार धरत अडीचशे ग्रॅम पाणी. सगळं मिळून तीन-एक मिनिटं. आमच्यातला इंजिनियर खूश!

ही कागदी गाळणी आली जर्मनीतून. 1908 साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीनं पितळी भांड्याला भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला आणि त्याचं पेटंट घेतलं. पण कॉफीसाठी सावकाश बसणं हे काही युरोपचं देणं नव्हे. इथल्या एक दिरहमच्या नाण्यावर 'दल्ला' आहे, म्हणजे अरबी कॉफीची लांब चोचीची सुरई. 'गहवा' वेलदोडे घालून करतात आणि बिनकानाच्या छोट्या 'फिंजान'मध्ये थोडी थोडी वाढतात. पुरे झाली की कप हलवायचा, नाहीतर यजमान ओततच राहतो. 2015 साली युनेस्कोनं या रिवाजाला वारसा म्हणून मान्यता दिली.

माझ्या कपातली कॉफी येमेनची निघाली. आणि तो पोरगाही येमेनी! मग काय, मला इतिहास सांगायचा मोह आवरेना. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जपासाठी कॉफी पीत. 1511 साली मक्केच्या अधिकाऱ्यानं तिच्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही. पुढे मोखा बंदरातून कॉफी जगभर जाऊ लागली. आपल्या सुरतेची गलबतं मोख्याला कापड नेत. सांगतात की उगवू शकेल असं बी बाहेर जाऊ नये म्हणून येमेनी लोक फार जपत. पण सतराव्या शतकात आमच्या बाबा बुडन यांनी हजहून परतताना सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. दंतकथा खरी, पण डोंगराला नाव त्यांचंच आहे. हे सगळं मी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

पोरगा हसला. म्हणाला, "माहीत आहे. आमच्याकडे ही गोष्ट चोरीची म्हणून सांगतात."

मी गप्प! लहानपणापासून ही गोष्ट मी पराक्रमाची म्हणून ऐकत आलो होतो. दुसऱ्या बाजूला कोणी उभं असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि पुढचा इतिहास तर त्याच्याच बाजूचा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनी मलबारातून रोपं जावाला नेली आणि येमेनची मक्तेदारी मोडली. 1839 साली इंग्रजांनी एडन घेतलं आणि मोखा आणखीनच मागे पडलं. तो सांगत होता, त्याच्या आजोबांच्या शेतात आता 'कात' आहे. चघळायचा हा पाला वर्षातून अनेकदा खुडता येतो, रोख पैसा देतो. कॉफीची वाट बघत बसणं परवडत नाही. त्यात 2014 पासूनचं युद्ध.

तीस दिरहम मग महाग वाटले नाहीत. त्यातले त्या डोंगरावर किती पोचतात, हा प्रश्न मात्र मनात राहिला.

निघताना त्यानं विचारलं, "आणखी थोडी?" मी रिकामा कप हलवला. तो मनापासून हसला.

असो. घरी येऊन जायफळाची कॉफी केली. ते सात दाणे नसते तर हीसुद्धा नसती. बाबा बुडन यांचा अभिमान अजूनही आहेच, पण आता ही गोष्ट सांगताना तो पोरगाही आठवेल.