ध्येय कोणाचं? एड रॉबर्ट्सची गोष्ट

आजारपणानंतर पेशंटने काय करायला शिकायचं, हे कोणी ठरवायचं? डॉक्टरने, सरकारने, की पेशंटने? या प्रश्नावरून कॅलिफोर्नियात एक लढाई झाली, आज तिच्याबद्दल.

एड रॉबर्ट्सला १९५३ साली, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलं. श्वासासाठी ‘आयर्न लंग’, म्हणजे माणूस गळ्यापर्यंत आत झोपतो ते लोखंडी पिंप. त्याला बर्कलीला शिकायचं होतं. राज्याच्या पुनर्वसन खात्याने पैसे नाकारले, कारण हा कधी नोकरी करूच शकणार नाही! खात्याच्या लेखी ध्येय एकच, नोकरी. पेपरात बोंबाबोंब झाली तेव्हा कुठे खातं नमलं.

१९६२ मध्ये एड बर्कलीत पोचला. हॉस्टेलमध्ये सोय होईना, म्हणून मुक्काम कॅम्पसवरच्या कॉवेल हॉस्पिटलात. मागोमाग त्याच्यासारखी आणखी मुलं आली. दिवसभर कॉलेज, राजकारण, गप्पा, आणि रात्री हॉस्पिटलचा वॉर्ड! स्वतःला ती ‘रोलिंग क्वाड्स’ म्हणवायची. १९६९ च्या सुमारास खात्याच्या समुपदेशकाने त्यांच्यातल्या दोघांना अभ्यासाच्या कारणावरून बाहेर काढायचं ठरवलं. मुलं पेटली, पुन्हा पेपरवाल्यांकडे गेली, आणि बदली झाली ती समुपदेशकाची.

पण मला खरी भारी वाटते ती या चळवळीने बदललेली व्याख्या. तोवर ‘स्वावलंबन’ म्हणजे आपले कपडे आपण घालणं, आपल्या हाताने जेवणं. चळवळीचं म्हणणं वेगळं होतं. समजा, शर्ट स्वतः घालायला मला दोन तास लागतात आणि मग दमून घरातच बसावं लागतं. त्यापेक्षा मदतनीसाकडून पंधरा मिनिटांत तयार होऊन मी कामाला गेलो, तर जास्त स्वतंत्र कोण? आम्ही सॉफ्टवेअरवाले युजरला न विचारता रिक्वायरमेंट लिहितो ना, थेरपीचा तक्ताही तसाच भरला जायचा. शर्ट महत्त्वाचा की कॉलेज, हे त्या माणसाला विचारतंय कोण?

१९७२ मध्ये या मंडळींनी बर्कलीत ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ सुरू केलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्यात कलम आलं: प्रत्येकाचा लेखी आराखडा समुपदेशक आणि ती व्यक्ती, दोघांनी मिळून करायचा. आता कागदावर सही घेणं वेगळं आणि खरंच विचारणं वेगळं, हे आहेच.

आणि एड? १९७५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्याला पुनर्वसन खात्याचा प्रमुख नेमलं. हो, त्याच खात्याचा!