घासलेटचा रिकामा डबा इतिहासात कुठे सापडतो?

पीएच.डी.साठी ‘घरगुती काटकसर’ असा काही विषय तुमच्या डोक्यात आला, तर मार्गदर्शकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: साधनं कुठे आहेत? प्रश्न रास्त आहे. जुन्या लुगड्याची वाकळ होते, वाकळ विरली की तिचं पायपुसणं, मग पोतेरं, आणि पोतेरं चुलीपुढे झिजून संपतं. म्हणजे वस्तू जितकी चोख वापरली जाते, तितका तिचा पुरावा कमी उरतो. उधळपट्टीची बिलं सापडतात, काटकसरीची नाहीत.

मग काय, विषय सोडायचा? मला नाही वाटत. या लेखात मी एकच वस्तू घेते, घासलेटचा पत्र्याचा डबा, आणि जमेल तितकं मावळातच राहते.

आधी शब्द पाहा. ‘रॉकेल’ हे ‘रॉक ऑइल’वरून आलं आणि ‘घासलेट’ हे ‘गॅसलाइट’वरून, असं सहसा मानतात. दोन्ही शब्द परके, पण आपल्या तोंडात इतके मुरले की घासलेट आजीच्याही आजीच्या काळचं वाटतं. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा माल. तो यायचा चौकोनी डब्यांत. एका डब्यात साधारण १८ ते १९ लिटर तेल, आणि असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. १८६३ साली भोर घाटातून रेल्वे सुरू झाली होती, त्यामुळे मुंबई बंदरातला माल लोणावळा, तळेगावपर्यंत चढायला अडचण नव्हती.

तेल दिव्यात जळून जायचं, डबा मात्र घरात राहायचा. वरचं तोंड कापून आडवी लाकडी दांडी ठोकली की बादली झाली. अशा दोन बादल्या कावडीला लावल्या की पाणी आलं. झाकण बसवलं की तांदूळ उंदरांपासून वाचला. उभा चिरून सपाट केला की न्हाणीच्या आडोशाला किंवा गळक्या छपराला पत्रा मिळाला. भात पोटरीला आला की पाखरं हाकलायला पोरांच्या हाती तोच डबा, आणि बडवून बडवून चेपला तरी ‘डबा ऐसपैस’ खेळायला चालायचाच. खोक्याची फळी मांडणीला लागायची, हे वेगळंच.

इथे माझ्यातली रसायनशास्त्राची विद्यार्थिनी थोडी मध्ये येणार, चालवून घ्या. हा पत्रा म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेलं पातळ पोलाद. मुलामा शाबूत आहे तोवर डबा गंजत नाही. पण ओरखडा पडला की गणित उलटतं. जस्ताचा मुलामा असता तर जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. कथिल तसं करत नाही, उघडं पडलेलं लोखंड उलट लवकर गंजतं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओल्या जमिनीवर घासला जाणारा तळ आधी जाणार, हे ओघानंच आलं. म्हणून झाळकाम करणाऱ्याकडून तळाला ठिगळ लावून घ्यायचं आणि डबा आणखी काही वर्षं ओढायचा.

आता मूळ प्रश्नावर येऊ. हे सगळं लिहून कुणी ठेवलं? घरात कुणीच नाही. लिहून ठेवलं विकणाऱ्यांनी, कारण या सवयीमुळे त्यांची पंचाईत झाली होती.

१८९२ साली मार्कस सॅम्युएल या लंडनच्या व्यापाऱ्यानं ‘म्युरेक्स’ हे तेलवाहू जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे धाडलं. हिशेब सोपा होता: डबे नकोत, खोकी नकोत, तेल थेट टाक्यांत भरून आणायचं आणि डबाबंद तेल विकणाऱ्या अमेरिकन स्टँडर्ड ऑइलपेक्षा स्वस्त विकायचं. गिऱ्हाईक आपापलं भांडं घेऊन येईल, असं त्यानं गृहीत धरलं. गिऱ्हाईक आलं नाही. आशियातल्या बाजारांत लोक तेलाइतकेच डब्यासाठी पैसे मोजत होते! शेवटी सॅम्युएलला पत्रा पाठवून जागोजागी डबे तयार करून घ्यावे लागले. स्टँडर्डचे डबे निळे, म्हणून यानं आपले लाल रंगवले. याच धंद्यातून पुढे शेल कंपनी उभी राहिली.

आपल्याकडे १९२० साली बर्मा ऑइल आणि टाटा यांनी मिळून जमशेदपूरजवळ टिनप्लेट कंपनी काढली. तिथला पत्रा मुख्यतः तेलाच्या डब्यांसाठीच होता. डब्याची मागणी किती मोठी होती, हे एवढ्यावरून कळतं.

मावळापुरतं बोलायचं तर या कथेला एक बोचरी बाजू आहे. १९११ साली लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी झाली. १९१५पासून इथल्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरून वीज मुंबईच्या गिरण्यांकडे जाऊ लागली. आजूबाजूच्या खेड्यांत वीज पोहोचायला मात्र स्वातंत्र्यानंतरची दशकं उजाडली. तोवर तिथे चिमणीच होती: रिकामी बाटली किंवा डबी, बुचाला भोक, जुन्या धोतराच्या चिंधीची वात. म्हणून ‘काटकसर’ हा शब्द मी जपून वापरते. जिथे दुसरा पर्यायच नव्हता, तिथे त्याला गुण म्हणून मिरवणं मला पटत नाही. आणि चिंध्या जपून ठेवण्याचं, डबे राखेनं घासण्याचं काम बायकांचं, हेही त्या कौतुकात विरून जातं.

काचेचा मागही असाच काढता येतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८च्या सुमारास तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. टिळकांचा त्याला पाठिंबा होता. काच कारखान्यात फुटकी काच नव्या मिश्रणात घालतात, कारण ती लवकर वितळते. दर दहा टक्के फुटक्या काचेमागे भट्टीची ऊर्जा अडीच-तीन टक्क्यांनी वाचते. घरातली फुटकी काच कुठे जाते, हा प्रश्न भट्टीच्या बाजूनंही विचारता येतो, तो असा.

तेव्हा तुम्ही साधनं शोधाल, ती वस्तू हात बदलते त्या जागी शोधा. बोहारणीची पाटी, भंगारवाल्याचा तराजू, कंपनीची पत्रं, कारखान्याची खरेदीवही. आणि पवन मावळात किंवा आंदर मावळात मुलाखती घ्यायला गेलात, तर ‘तुम्ही काटकसर कशी करत होता?’ असं विचारू नका. त्याला ‘तेव्हा सगळेच करायचे’ एवढंच उत्तर मिळतं. ‘आजी, घासलेटचा डबा रिकामा झाला की तो कुणाला मिळायचा?’ असं विचारा. सासूला की जावेला, यावर बोलणं सुरू होतं. घरात एखादा डबा अजून असेल, तर त्याचा तळ उलटा करून फोटो घ्या आणि ठिगळ कुणी, कधी लावलं तेही लगेच वहीत उतरवा.